एका हाताने उघडणारी बाबागाडी

सन दोन हजार सोळा, महिना नोव्हेंबर, थंडीला नुकता कुठे आरंभ झालेला. त्या महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, माझी आणि तिची पहिली भेट झाली. मी एक बाबागाडी बोलत आहे. चार चाकांची, राखाडी कापडाची, दुमडली असता दारामागे उभी राहू शकणारी. माझी हकिकत फार मोठी नाही. पण ती जशी घडली तशीच, काही न वगळता व काही न वाढवता सांगावी, असा माझा निश्चय आहे.

माझा जन्म एका लांबट, भरपूर उजेडाच्या कारखान्यात झाला. एका टोकाला नळ्या वाकवीत, मधल्या भागात कापड शिवीत आणि दुसऱ्या टोकाला एक तपासनीस बाई उभ्या असत. त्यांच्यासमोर फरशीवर खडूची सरळ रेघ ओढलेली होती. प्रत्येक गाडीला त्या एकच धक्का देत व हात मागे घेत. रेघ सोडली की गाडी परत. मी बारा पावले गेले आणि रेघ सोडली नाही. बाई म्हणाल्या, "ही नमुन्याला पाठवा." मला तो मोठा सन्मान वाटला. नमुना म्हणजे काय, हे दुकानात गेल्यावर उमगले. सर्वांनी हाताळायचे, आणि घरी मात्र कुणी न्यायचे नाही.

दुकानाच्या मालकीणबाई साठीच्या घरातील होत्या. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, केस चापूनचोपून बांधलेले, आणि बोलणे मोजके. माझ्या दांड्याला त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी बांधली. "नमुना क्रमांक चार. विक्रीसाठी नाही." पसंती झाली की आतल्या कोठारातून माझीच बहीण, खोक्यात बंद असलेली, बाहेर येई आणि त्या माणसांसोबत निघून जाई. दोन वर्षांत अशा किती बहिणी गेल्या, त्याची मोजदाद मी सोडून दिली होती.

परंतु मी दुःखी होते असे कुणी समजू नये. त्या दोन वर्षांत मी जे पाहिले, त्याने मी स्तिमित होऊन गेले. जो माणूस अजून जगात आलेला नाही, ज्याचे तोंड कुणी पाहिलेले नाही, त्याच्यासाठी ही मोठमोठी माणसे वाकून वाकून माझी चाके तपाशीत. भरदार आवाजाचे, रस्त्यावर कुणालाही न जुमानणारे पुरुष माझा दांडा हातात घेत आणि एकाएकी हळू बोलू लागत. मी रिकामी असे, तरीही कोपऱ्यावर वळताना मला कुणी हिसका देत नसे. किती तरी जण मालकीणबाईंशी दुसऱ्याच विषयावर बोलत असता नकळत मला पुढेमागे डोलवीत राहत. आत कुणीही नाही, हे त्यांचे हात विसरून जात. एवढी माया ही माणसे रोज बाळगतात तरी कुठे, या विचाराने मी थक्क होत असे.

त्या मंगळवारी ती आली. पाचवा महिना असावा. ती एका ग्रंथालयात ग्रंथपाल होती, आणि मंगळवार हा त्या ग्रंथालयाच्या सुट्टीचा दिवस. तिचा डावा हात लोंबता होता. जन्माच्या वेळीच खांद्याची नस दुखावली, तेव्हापासून त्या हातात बळ असे आलेच नाही. हे तिने मालकीणबाईंना पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाकले, जसे एखादा आपला पत्ता सांगतो.

बाकीचे लोक आधी कापड पाहत, छत उघडून पाहत, रंग विचारीत. हिने यातले काही केले नाही. ती माझ्यामागे उभी राहिली, उजव्या तळव्याने दांड्याचा बरोबर मध्य शोधला आणि मला चालवले. मग खाली वाकून पुढच्या चाकांना कान लावल्यासारखे केले.

"पुस्तकांची ढकलगाडी ढकलतेय अकरा वर्षं, एका हातानं," ती म्हणाली. "चाक कुठं रडतं ते मला बरोबर कळतं. ही रडत नाही."

"ही रेघेवरून सरळ गेलेली आहे," मालकीणबाई म्हणाल्या. माझी थोरवी त्यांनी कधी बोलून दाखवली असेल तर ती तेवढीच.

"दुमडायची कशी?"

माझ्या दांड्याखाली एक खटका आहे. अंगठ्याने तो दाबायचा, मनगट फिरवायचे आणि वर ओढायचे, की मी दुमडते. उघडायचे झाल्यास त्याच्या उलट. तिने दाबले, फिरवले, ओढले. मी अर्धी दुमडले आणि तिच्या पायावर पडले. तिने पुन्हा केले. चौथ्या वेळी मी पुरती दुमडले.

मालकीणबाई मदतीला पुढे आल्या नाहीत, हे मी लक्षात ठेवले. त्या म्हणाल्या, "बाई, दोन हातांनी पाच सेकंद लागतात. तुम्हाला चाळीस लागले. घरी दुसरं कुणी असेलच की."

"आहेत ना. नवरा आहे, सासरे आहेत. दोघंही माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत धावतात. तीच तर पंचाईत आहे." ती हसली, मग हसू मावळले. "लहानपणापासून माझं दप्तर कुणीतरी धरलं, छत्री कुणीतरी धरली, ताट कुणीतरी धरलं. मला माझ्या बाळाला एकटीनं बाहेर न्यायचंय. कुणालाही हाक न मारता. उघडायचं मी, बाळाला ठेवायचं मी, पट्टे मी लावायचे, खाली मी न्यायचं. एवढं ज्या गाडीत जमेल ती माझी गाडी."

मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "मग मंगळवारी येत चला. दुपारी दुकानात गर्दी नसते."

त्यानंतर ती दर मंगळवारी येऊ लागली. येताना पिशवीतून शब्दकोशाचा दुसरा खंड आणी. तो मऊ चादरीत गुंडाळून माझ्या कुशीत निजवी, पट्टे बांधी, बक्कल लावी, ब्रेक काढी आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेई. "नवजात बाळाचं वजन साधारण तीन किलो. हा खंडही तीन किलो भरतो. काट्यावर घातलाय मी," असे तिने सांगितले.

एकदा नवरा बरोबर आला. तो चष्म्यांच्या काचा घासणारा कारागीर. नजर बारीक, तोंड मोकळे. चादरीत गुंडाळलेला खंड पाहून तो माझ्यापाशी वाकला आणि कुजबुजला, "झोपला का गं? बोटबिट चोखतोय की नाही?"

"तू गप्प बस. उठवशील त्याला," ती म्हणाली.

"बरा निघालाय हं. एवढा शब्दसंग्रह आणि तोंडातून चकार शब्द नाही. तुझ्यावर गेलेला दिसत नाही."

मालकीणबाईंनी तोंड फिरवून हिशेबाच्या वहीत पाहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी ते पाहिले आहे.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. चाळीस सेकंदांचे पंचवीस झाले, पंचविसांचे अठरा, अठरांचे बारा. मार्चमध्ये मात्र तिचे येणे थांबले. पाय सुजले होते आणि डॉक्टरांनी घराबाहेर पडण्यास मनाई केली होती. हे मला कळले ते नवरा आणि सासरे दुकानात आले तेव्हा.

सासरे शिंपी होते. तीस वर्षे गिऱ्हाइकांची मापे घेऊन घेऊन त्यांची मान किंचित एका बाजूला कललेली होती, आणि गळ्यात टेप एखाद्या उपरण्यासारखी. ते माझ्यापाशी क्षणभरच थांबले.

"ही होय? सूनबाई सांगत होती ती? नाजूक वाटते हो. नमुन्याचीच अशी, तर खोक्यातली काय असेल? आमचं नातवंड यायचंय, काही खेळणं नाही." मग त्यांची नजर पलीकडच्या मोठ्या गाडीवर गेली. जाड टायर, रुंद बैठक, दोन बाजूंना दोन खटके. "ही बघा. हिला गाडी म्हणावं."

"बाबा, तिनं ती पसंत केली होती," नवरा म्हणाला. "त्या मोठीला दोन हात लागतात."

"लागू देत की! तुझे दोन, माझे दोन. चार हात घरात असताना तिनं कशाला शिणायचं? आणि माप मी घेऊन आलोय. लिफ्टचं दार चोवीस इंच, गाडी तेवीस. आत जाऊन वर इंच उरतो."

मालकीणबाई म्हणाल्या, "बाईंना एकदा विचारून घ्या."

"अहो, तिला आयतं सुख द्यायचं, तर विचारायचं काय त्यात?" म्हातारबुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात कपट नव्हते. होती ती केवळ माया, आणि ती मायाच तिच्या वाटेत आडवी उभी राहिली होती. मोठी गाडी निघून गेली. मला आजवर कुणी न्यावे असे कधी वाटले नव्हते. त्या दिवशी प्रथमच वाटले.

एप्रिलच्या अखेरीस, पुन्हा एका मंगळवारी, दुकानाचे दार उघडले. पुढे ती, मागे मोठी गाडी उचलून घामाघूम झालेले बापलेक. आणि तिच्या छातीशी, उजव्या हाताच्या वेढ्यात, पाच आठवड्यांची मुलगी.

"परत आणलीत?" मालकीणबाई म्हणाल्या. "काय बिघडलं?"

"लिफ्टमध्ये शिरत नाही," नवरा म्हणाला. "रोज चार मजले डोक्यावरून न्यायची म्हणजे बाळापेक्षा गाडीलाच जास्त हवा खायला मिळते."

"पण माप घेतलं होतं ना?"

सगळ्यांनी शिंपीबाबांकडे पाहिले. त्यांनी खिशातून मापांची वही काढली, पान उलटले आणि घसा खाकरला. "दार बावीसच आहे. मी चोवीस लिहिलं."

"दोन इंच आले कुठून?"

"दाब ठेवला." शिंपी शिवणीसाठी कडेला जे जादा कापड सोडतात त्याला दाब म्हणतात, आणि तीस वर्षे प्रत्येक मापात त्यांनी तो मिळवूनच लिहिला होता. "हात आपोआपच लिहून गेला हो. कापड असतं तर आत दुमडून घेतलं असतं. लोखंडाचं दार दुमडत नाही."

नवरा इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. पण म्हातारबुवा हसले नाहीत. ते सुनेपुढे उभे राहिले. "सूनबाई, पाच आठवडे तू खिडकीशी बसून आहेस. मला वाटलं, तुला सुख दिलं. तुला विचारायला हवं होतं."

"आता विचारा ना, बाबा," ती म्हणाली.

कोठारातून माझी एक बहीण आणली गेली. कोरी करकरीत, कापडाला एक सुरकुती नाही. तिने बाळाला सासऱ्यांच्या हाती दिले आणि खटक्यावर अंगठा ठेवला. दाबले. खटका हलला नाही. तिने अंगाचा सगळा भार देऊन दाबले. अंगठ्याचे नख पांढरे पडले. दुसरे खोके उघडले, तिसरे उघडले. नव्या खटक्यांची स्प्रिंग ताठ होती. दोन अंगठ्यांना ती सहज वश होई. एका अंगठ्याला मुळीच नाही.

"वापरून वापरून सैल होतो," मालकीणबाई म्हणाल्या.

"किती वापरून?"

"हजार वेळा. जास्तही असेल."

मग ती माझ्याकडे आली. दाबले, फिरवले, ओढले. मी तिच्या हाती अलगद दुमडले, जणू मला तेवढ्याचीच प्रतीक्षा होती. त्या क्षणी मला एक गोष्ट कळली, आणि ती आठवली की आजही माझ्या नळ्यांतून शिरशिरी जाते. दोन वर्षे जी शेकडो माणसे मला हाताळून रिकाम्या हाताने परत गेली, ती परत गेलेली नव्हतीच. आपापल्या न जन्मलेल्या मुलांसाठी त्यांनी दिलेला एकेक दाब माझ्या खटक्यात साठत गेला होता. त्यांनी हिला पाहिलेले नव्हते, हिने त्यांना. तरीही हिच्या एका अंगठ्यासाठी त्या साऱ्यांनी मिळून मला मऊ केले होते.

"हीच द्या," ती म्हणाली.

"ते शक्य नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "नमुना मी विकत नाही. एकोणीस वर्षांत विकलेला नाही. मागचं चाक झिजलंय, ब्रेकची पट्टी गुळगुळीत झालीय, पट्ट्यांचा भरवसा नाही. उद्या उतारावर काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? नियम आहे तो याचसाठी."

तिने माझ्या दांड्यावरचा हात काढला नाही. मग म्हणाली, "नियमाचं मला सांगू नका, मी ग्रंथपाल आहे. शब्दकोश हा संदर्भग्रंथ. तो ग्रंथालयाबाहेर नेता येत नाही, कुणालाच नाही. अध्यक्षांनी मागितला तेव्हा मी त्यांना दिला नव्हता. तरी सोळा मंगळवार मी दुसरा खंड इथं आणला."

मालकीणबाई खरोखरच हादरल्या. "नोंद न करता?"

"छे! नोंद केली होती. माझ्याच नावावर. कारणासह."

"काय कारण लिहिलंत?"

"बाळाचा सराव."

बाळाने सासऱ्यांच्या टेपचे टोक मुठीत धरले होते, आणि ते सोडवण्याचे धैर्य त्यांना होत नव्हते. मालकीणबाईंनी चष्मा पुसला. मग एकेक शब्द सुटा करीत म्हणाल्या, "चाकं चारही बदलायची. ब्रेक नवा बसवायचा. खटक्याला मात्र कुणी हात लावायचा नाही. पट्टे नवे. बाहेरच्या उतारावर दहा किलो वजन ठेवून गाडी अर्धा तास उभी राहिली पाहिजे. एक बोटभर जरी सरकली, तर विषय संपला."

"पट्टे मी शिवतो," शिंपीबाबा पटकन म्हणाले. मग थबकले आणि टेपचे मोकळे टोक सुनेकडे केले. "माप तू वाच. मी नुसतं लिहितो."

तिने वाचले, त्यांनी लिहिले, आणि लिहिलेले पुन्हा तिला दाखवले. त्या पट्ट्यांना त्यांनी तिहेरी शिवण घातली. चार दिवसांनी, शनिवारी, मी उतारावर अर्धा तास उभी राहिले. मालकीणबाई घड्याळ हातात धरून माझ्याशेजारी उभ्या होत्या. मी केसभरही सरकले नाही. त्यांनी माझ्या दांड्याची चिठ्ठी सोडली आणि साठ्याच्या वहीत लिहिले, "नमुना क्रमांक चार दिला. कारण: हाताला जमते." मग, कुणाचे लक्ष नाही असे पाहून, त्यांनी मला दोन वेळा पुढेमागे डोलवले.

नऊ मे दोन हजार सतरा, मंगळवार. सकाळचे साडेआठ. ऊन अजून कोवळे होते. माझी जागा दारामागे होती, कारण त्यांचा बोळ अरुंद. मी उघडी राहिले तर दार उघडत नसे. नवरा कामावर न जाता घरी थांबला होता, आणि शिंपीबाबांनी सकाळपासून एकही टाका घातला नव्हता.

"मी नुसता लिफ्टपर्यंत येतो," नवरा म्हणाला.

"नाही."

"बटण दाबायला?"

"बटणाला एकच बोट लागतं. बाबा, तुम्ही धरून ठेवा ह्याला."

"मला कोण धरणार?" शिंपीबाबा म्हणाले.

तिने मला दाराबाहेर नेऊन उघडले. सात सेकंद. बाळाला पलंगावरून उचलले, उजव्या हाताने, छातीशी दाबून. डावा हात जमेल तेवढा खाली आधाराला होता. आणि तिने बाळाला माझ्यात ठेवले.

ते कसे सांगावे, हे मला आजही नीट सुचत नाही. वजन मला ठाऊक होते; वजनाचे मला नवल नव्हते. परंतु हे वजन श्वास घेत होते. माझे कापड एका लयीत वर उचलले जाई आणि खाली बसे. एवढीशी टाच माझ्या बैठकीला लागली होती, आणि तिच्यातून एक ऊब माझ्या नळ्यांपर्यंत पोचत होती. जिच्यासाठी ही सारी माणसे एवढी धडपडली, ती ही. ती जांभई देऊन झोपली. एवढ्या विश्वासास मी पात्र आहे काय, असे मी स्वतःला विचारले.

बक्कल लागले. ब्रेक निघाला. लिफ्टच्या दारातून मी दोन्ही बाजूंना एकेक इंच राखून आत गेले. खाली फाटकापाशी एक पायरी आहे. तिने मला उलटे वळवले, पाठ रस्त्याकडे केली आणि मागची चाके सावकाश उतरवली. तेवढ्यात पाववाला सायकल थांबवून पुढे आला.

"ताई, धरू का?"

"नको दादा, जमतंय."

"बरं बरं," तो म्हणाला, सायकल बाजूला घेतली आणि वाट मोकळी करून उभा राहिला. वाचकहो, तुम्हालाही माझी एवढीच विनंती आहे. वाटेत आम्ही भेटलो तर जरूर विचारा. पण ती नको म्हणाली, तर त्या पाववाल्यासारखे बाजूला व्हा. तिला ती मोकळी वाटच हवी आहे.

पुढची चाके उतरली. चौथ्या मजल्याच्या खिडकीत दोन डोकी होती. तिने वर पाहिले, हात केला नाही. हात माझ्या दांड्यावर होता. नुसती हसली.

मग आम्ही चालू लागलो. उन्हातून, झाडाच्या सावलीतून, शाळेच्या कुंपणाजवळून. रस्त्याच्या टोकाला वळण आहे. तिथे ती क्षणभर थांबली. परत फिरेल असे मला वाटले. तिने छत थोडे पुढे ओढले, बाळाच्या तोंडावरचे ऊन झाकले आणि मला वळणावरून पलीकडे नेले, जिथून ती खिडकी दिसत नाही.